पट्टी पुसून पुन्हा

"त्यात तेल ओतलंत तर काच चकाचक होईल, पण समोरचं काही दिसायचं नाही."

मी दचकले. हातातला इंजिन ऑइलचा डबा तिरका झालेला, बॉनेट उघडलेलं, आणि मी ज्या भोकात तेल ओतायला निघाले होते ते काच धुवायच्या पाण्याचं होतं. अर्थात हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की पार्किंगमध्ये माझ्या पाठीमागे कुणीतरी उभं आहे आणि हसू दाबतंय.

कुणी हसलेलं मला खपत नाही. त्यातून रविवारी सकाळी सात वाजता तर मुळीच नाही.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "पण काचेला तोंड असतं तर तिने विचारलं असतं."

तिसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आल्याचं ऐकलं होतं, तो हाच. विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान किती ते लिहायचं, हे त्याचं काम. "मला गाड्या भेटतात त्या चेपल्यावरच," तो म्हणाला. "धडधाकट गाडीजवळ उभं राहिलं की जरा बरं वाटतं."

"ही धडधाकट नाही. आठ महिने बंद आहे."

"मग आजारी म्हणू. बघू का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, तर वर लक्ष गेलं. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत बाबा खुर्चीत बसून खाली बघत होते.

गाडी बाबांची. तीस वर्षं त्यांनी साहेबांच्या गाड्या चालवल्या आणि निवृत्त झाल्यावर ही स्वतःची घेतली, सेकंडहँड, निळी. गॅरेजवाल्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दर रविवारी सात ते नऊ ते आणि गाडी. मला मात्र हात लावू दिला नाही कधी, आणि मीही हट्ट केला नाही. मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दिवसाकाठी पाच-सहा शब्द, तेही ओढून काढलेले. आई तर आधीच गेलेली. दादा दुसऱ्या शहरातून फोनवर म्हणायचा, "गाडी विकून टाक, भंगार सांभाळून काय करणार?" उंटावरून शेळ्या हाकायला त्याला फार छान जमतं. पण दर रविवारी सात वाजले की बाबा डाव्या हाताने गॅलरीकडे बोट दाखवायचे, मी खुर्ची तिकडे सरकवायची, आणि ते खोळीखालच्या गाडीकडे दोन तास बघत बसायचे. ते बघवेना म्हणून मी तेलाचा डबा घेऊन खाली उतरले होते.

"बघा," मी सर्व्हेअरला म्हटलं.

त्याने इंजिनातून एक लांब पातळ पट्टी ओढून काढली. डिपस्टिक. तिच्या टोकाला दोन खुणा. तेल खालच्या खुणेच्या खाली गेलं की भर घालायची, वरच्या खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही.

मी वाकून बघितलं. "भरपूर आहे की. वरपर्यंत."

"तिथेच फसतात सगळे." त्याने पट्टी फडक्याने स्वच्छ पुसली, पुन्हा आत सारली, पुन्हा काढली. आता तेल खालच्या खुणेलाही टेकत नव्हतं. "पहिल्यांदा दिसतं ते खोटं असतं. चालता-चालता तेल उडतं, पट्टीभर लागतं आणि तसंच चिकटून राहतं. पुसायचं आणि पुन्हा बघायचं. दुसऱ्यांदा दिसतं ते खरं."

वरून टक असा आवाज आला. बाबांनी हातातला स्टीलचा चमचा गॅलरीच्या कठड्यावर आपटला होता. एकदाच. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसत होती.

मग रविवार सुरू झाले. एक टक म्हणजे बरोबर, दोन टक म्हणजे चूक, ही बाबांची भाषा आम्हा दोघांना दुसऱ्याच रविवारी पाठ झाली. टायरची हवा गाडी न फिरवता, सकाळच्या गारव्यात मोजायची. टक. रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना काही झालं तरी उघडायचं नाही. टक. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचते, ती खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासायची. पण आधी काळी वायर सोडवायची, मग लाल. मी आधी लालला हात घातला. टक, टक.

"तुमचा पाना उलटा फिरतोय," सर्व्हेअर म्हणाला.

"माझं सगळंच उलटं फिरतं. सवय करून घ्या."

"करतोय," तो म्हणाला, आणि माझ्या हातावर हात ठेवून त्याने पाना सुलट फिरवला. नट सुटला. हात मात्र... थोडा उशिरा सुटला.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं, काचा बदलायच्या, विचारायचं — हे बरं की आधीचं बरं? तो मला 'चष्मेवाल्या बाई' म्हणायचा, मी त्याला 'सर्व्हेअर'. एका रविवारी पाऊस तिरका आला, समोरून उघड्या पार्किंगच्या आत तुषार उडायला लागले, आणि आम्ही दोघं उघड्या बॉनेटखाली डोकी घालून उभे राहिलो. भिजलेल्या सिमेंटचा आणि तेलाचा वास. त्याच्या भुवईवर पाण्याचा एक थेंब अडकलेला.

"चष्मेवाल्या बाई, माझे डोळे कधी तपासणार?"

"काय होतंय डोळ्यांना?"

"जवळचं दिसत नाही."

"जवळ काय आहे?"

तो नुसता बघत राहिला — आणि मी एअर फिल्टर झटकायला घेतला. तो मी आदल्याच रविवारी झटकला होता. वरून लगेच आलं, टक, टक.

माझा त्याच्यावर जीव जडला होता, यात आडपडदा कशाला. सोमवार ते शनिवार मी कसेबसे ढकलायची. आणि गाडी एका रविवारी खोकली, दुसऱ्या रविवारी चालू झाली, तिसऱ्या रविवारी बाबांना पुढच्या सीटवर बसवून आम्ही कॉलनीला एक फेरी मारली. बाबा रडले. सर्व्हेअर आरशातून मागे माझ्याकडे बघायचं टाळत गाडी चालवत होता.

मग त्याची बदली झाली. चारशे किलोमीटर लांब.

जायच्या आदल्या शनिवारी मी बाबांची औषधं घेऊन आले, तर तो घरातून बाहेर पडत होता. तासभर बसला होता म्हणे बाबांजवळ. "निरोप घ्यायला आलो होतो," म्हणाला आणि जिना चढून गेला. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी समजले, यांनाही वाईट वाटतंय.

रविवारी शेवटचं काम राहिलं होतं, जुनं तेल काढून नवीन भरायचं. इंजिन जरा कोमट करून गाडी पुढून उचलली, जॅकवर भरवसा नको म्हणून खाली पक्के स्टँड लावले, आणि तो पाठीवर झोपून आत शिरला. मला फक्त त्याचे बूट दिसत होते. ते एका परीने बरंच झालं. बुटांशी बोलायला धीर लागत नाही.

"सर्व्हेअर..."

"हं."

"मी येऊ का तुमच्याबरोबर?"

खाली परातीत तेल पडत होतं. आधी जाड धार, मग बारीक, मग थेंब थेंब. मी थेंब मोजत होते. अकरा झाले.

"नाही," गाडीखालून आवाज आला.

तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा गालावर तेलाचा पट्टा होता आणि डोळे लाल. "डोळ्यात तेल गेलं," तो म्हणाला. मी फडकं पुढे केलं. नवीन तेल भरलं, झाकण लावलं, पट्टी दोनदा बघितली. वरून टक आलं नाही. त्या दिवशी बाबा गॅलरीत आलेच नव्हते.

त्याला तीन वर्षं झाली. तो निरोप न घेता गेला. मीही फोन केला नाही. एकदा तोंडावर नाही ऐकल्यावर पुन्हा पदर पसरायला जाणारी मी नव्हे. दादाने दोन स्थळं सुचवली. बाबांना घेऊन येईन म्हटल्यावर दोन्ही घरं गप्प झाली. मी रविवारचं काम सोडलं नाही. सात ते नऊ. हवा, पाणी, बॅटरी, तेल. गाडी ठणठणीत होती. माझ्याबद्दल मात्र तसं म्हणता येत नव्हतं.

गेल्या महिन्यात कुणीतरी गाडी मागे घेताना आमच्या गाडीचं डावं दार चेपवलं. मी विम्याचा अर्ज भरला. कंपनीचा माणूस रविवारी सकाळी येईल असा निरोप आला.

तो आला. कानाजवळचे केस पांढरे झालेले, हातात कागद अडकवलेली फळी. त्याची गाडी फाटकाशी उभी होती, मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली. मी ती बघितली, हे त्याने बघितलं.

"दीड वर्षाची आहे मुलगी," तो म्हणाला.

"छान."

त्याने दार बघितलं, फोटो काढले, कागदावर लिहिलं. काम दहा मिनिटांत संपलं. मग विचारलंही नाही, बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल अगदी वरच्या खुणेला.

"गाडी चांगली ठेवलीत."

"शिकवणारा चांगला होता."

"पुन्हा इकडे बदली झालीय, पण हे काम माझ्या वाट्याला आलं नव्हतं. यादीत तुमचं नाव दिसलं, मी मागून घेतलं." तो पट्टीकडेच बघत होता. "एक सांगायचं राहिलं होतं. त्या शनिवारी मी तुमच्या बाबांकडे निरोप घ्यायला आलो नव्हतो. तुम्हाला मागायला आलो होतो."

मी फडक्याची घडी घालत राहिले.

"ते दोनच शब्द बोलले. 'मला कोण?'... तेवढे बोलायला त्यांना पाच मिनिटं लागली. मी काय करणार होतो?"

"मला सांगणार होतात."

"तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडातून नाही गेलं. पण मला वाटलं तुम्ही पुन्हा विचाराल. मी शिकवलं होतं ना... पहिल्यांदा दिसतं ते खोटं. मी दोन दिवस वाट बघितली. तुम्ही पुन्हा विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो."

माझ्या नाकावरचा राग तीन वर्षं कुठे गेला होता कोण जाणे. तो आला.

"का? दुसऱ्यांदा विचारल्यावर बाबांचा हात चालायला लागला असता?"

त्याने पट्टी उगाच पुन्हा पुसली.

"एकदा विचारायला मला आठ रविवार लागले, सर्व्हेअर. माणूस म्हणजे पट्टी नव्हे, पुसून पुन्हा बुडवायला. बाप माझा, जन्म माझा, आणि ठरवलंत तुम्ही दोघांनी. एक बोलू शकत नव्हता, त्याने दोन शब्द तरी काढले. तुम्हाला तर धडधाकट तोंड होतं."

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"लिहा मग. नुकसानीच्या रकान्यात लिहायची सवय आहे तुम्हाला."

त्याचे डोळे भरून आले. या वेळी तेलाचं निमित्त नव्हतं. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी मी, त्या दिवशी त्या लाल डोळ्यांना तेल समजले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी त्याच्या हातातली पट्टी घेतली, जागेवर बसवली, बॉनेट लावलं. त्याने कागद पुढे केला, मी सही केली. फाटकापर्यंत तो हळू चालत गेला. मी हाक मारली नाही. मारून करायचं काय होतं, मागच्या सीटवर ती खुर्ची होती.

वर गेले. बाबा गॅलरीतच होते, चमचा मांडीवर. त्यांनी सगळं बघितलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"को...ण?" त्यांनी विचारलं. चोराच्या मनात चांदणं.

"विम्याचा माणूस."

मला ओरडायचं होतं. तीन वर्षं तुमचं जेवण मऊ करतेय, तुमची कूस बदलतेय, आणि तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं नाहीत, असं म्हणायचं होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांचा उजवा हात मांडीवरून घसरला होता, तो मी उचलून नीट ठेवला. हाताला वजन होतं, जीव नव्हता. आणि त्या दोन शब्दांचं उत्तर तर मलाही कुठे देता आलं असतं.

बाबांनी डाव्या हाताने चमचा उचलला. खुर्चीच्या लाकडी हातावर आपटला. टक. मग बराच वेळ गेला. मला वाटलं, झालं. पण त्यांनी हात पुन्हा उचलला आणि आणखी एकदा आपटला. टक.

त्यांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी.

मी तो चमचा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तेल बरोबर आहे, बाबा," मी म्हटलं. "दोनदा बघितलं."

चमचा धुतला आणि त्यांना जेवायला घालायला बसले.