एक गुण कमी

रिकाम्या घराच्या मधल्या खोलीत ती फरशीवर मांडी घालून बसली होती आणि फोनवर सांगत होती, "आई, इथे कवडसा येतो गं! चांगला मोठा... अगदी तुझ्या दिवाणावर येईल असा."

बाल्कनीची किल्ली घेऊन परतलेला जयदीप दारातच थबकला. मयूर विहारमधल्या त्या सोसायटीतले हे तिसऱ्या मजल्यावरचे घर दोन महिने रिकामे होते. मालक नागपूरला असल्यामुळे किल्ल्या समोरच्या इमारतीत राहणाऱ्या जयदीपकडे असत. घर पाहायला येणारे लोक नळ सोडून पाहत, भिंतीवर बोटांनी टकटक करत आणि गाडी कुठे लावायची ते विचारत. जमिनीवर बसून उन्हाविषयी बोलणारे कोणी आजवर आले नव्हते. त्यातही मराठीत!

"कवडसा म्हणजे?" त्याने विचारले.

तिने चमकून मागे पाहिले. "अय्या, तुम्ही मराठी? मग मघाशी ते ‘बाल्कनी की चाबी लाता हूँ’ कशाला?"

"सवय. जन्म इथलाच आहे, यार... म्हणजे, सॉरी, यार नाही. राजाध्यक्ष. जयदीप राजाध्यक्ष."

"अहिल्या दातार. पुण्याची." तिने तळहात पुढे केला आणि फरशीवरचे ऊन त्याच्यावर झेलले. बोटांच्या कडा तांबूस उजळल्या. "हा कवडसा. फटीतून आत आलेला उन्हाचा तुकडा. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"धूप. पण धूप तर बाहेर असते. हे... हे वेगळं आहे." शब्द नवा होता की तो तळहात, हे त्याला नीट ठरवता आले नाही; म्हणून त्याने घड्याळाकडे पाहिले. "दहा वाजून पाच. किती वेळ राहतो हा?"

"मला काय माहीत? मी आत्ता तर आले."

"मग आजच्या आज ठरवू नका. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो."

अहिल्येने त्याला नखशिखांत न्याहाळले. "सरकारी खातं ना?"

"सांख्यिकी. कसं ओळखलंत?"

ती हसली, आणि ऑक्टोबरच्या त्या सकाळी, खालच्या सप्तपर्णीचा दाट वास खिडकीतून वर येत असताना, जयदीपला वाटले की घर आता रिकामे राहिलेले नाही.

तिची अडचण साधी होती आणि म्हणूनच अवघड होती. तिची कंपनी तिला सोमवार ते बुधवार गुरुग्रामच्या कार्यालयात बसवी आणि गुरुवार-शुक्रवार नोएडाच्या. पश्चिमेकडची द्वारका पहिल्याला जवळ, पूर्वेकडचे मयूर विहार दुसऱ्याला. पण प्रश्न केवळ तिचा नव्हता. वडील गेल्यापासून आई, इंदुमतीबाई, पुण्यात एकट्या होत्या. दिवाळीनंतर त्या दिल्लीला यायच्या होत्या. बासष्ट वर्षांत त्यांनी एकदाही शहर बदलले नव्हते, आणि हे नवे शहर त्यांना पटले नाही तर त्या काही न बोलता आतल्या आत मिटून जातील, हे भय अहिल्येला झोपू देत नव्हते.

"अच्छा, म्हणजे घर आईसाठी पाहायचं," जयदीप म्हणाला. "मग दोन्ही वस्त्या एकाच वारी, एकाच वेळी पाहायला हव्यात. वीस मुद्दे, प्रत्येकी दहा गुण. मी मदत करू शकतो. शनिवारी सुट्टी असते."

"दर शनिवारी?"

"बिल्कुल."

आणि खरोखरच पाच शनिवार ते दोघे दिल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मेट्रोने हिंडले. द्वारकेचे रस्ते रुंद होते, लिफ्ट नवी होती, झाडे रांगेत उभी होती. डोक्यावरून विमान गेले की बोलणे अर्ध्यावर तुटे आणि विमान गेल्यावर दोघेही तुटलेले वाक्य शोधत बसत. मयूर विहारमध्ये जिने अरुंद होते, पण भाजीवाला नावाने हाक मारी. जयदीप सारे शिसपेन्सिलीने वहीत टिपून घेई: पाणी कधी येते, दवाखाना किती पावलांवर आहे, बागेतल्या बाकांना पाठ आहे की नाही.

"पाठ कशाला?" तिने विचारले होते.

"तुमच्या आईचे गुडघे दुखतात म्हणालात. ज्याचे गुडघे दुखतात तो टेकून बसतो. बिनपाठीचा बाक म्हणजे नुसती फळी."

तिच्या हे लक्षात आले नव्हते. तिने मान वळवून खिडकीबाहेर पाहिले. गाडी यमुनेच्या पुलावर होती, आणि काचेत त्याचे वहीत वाकलेले डोके नदीवरून तरंगत चालले होते.

येताना ते करोल बागला उतरत, कारण ते साधारण मधोमध पडे. रस्त्याकडेच्या टपरीवर उभ्याने चहा घेताना त्यांचे भांडण होई.

"हवेला दोन्हीकडे सारखेच गुण? तुम्ही डोळे मिटून दिलेत!"

"नाक उघडं ठेवून दिले. हवा दोन्हीकडे सारखीच वाईट आहे."

"आणि सप्तपर्णी? तिचा वास काय द्वारकेत आहे?"

"तो वस्तीचा गुण नाही, ऋतूचा आहे." मग जरा थांबून, कपाकडे पाहत तो म्हणाला, "आमच्या खात्यात एक नियम आहे. स्वतःच्या गल्लीची पाहणी स्वतः करायची नाही. माणूस आपल्या गल्लीला झुकतं माप देतो."

"मग तुम्ही माझ्यासाठी मयूर विहार का पाहताय?"

"म्हणून तर... जपून पाहतोय."

चहाच्या वाफेआड त्याचा चेहरा दिसला नाही. तिने आणखी एक चहा मागवला. तिला चहा नको होता, थोडा वेळ हवा होता.

सहाव्या शनिवारी त्याने वही तिच्या हातात ठेवली. द्वारका, एकशे एक्केचाळीस. मयूर विहार, एकशे अठ्ठावीस.

अहिल्येने बेरजेकडे पाहिले, मग त्याच्याकडे. करोल बागच्या स्थानकात गर्दी दोघांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती.

"हे वहीचं झालं," ती म्हणाली. "तुमचं मत काय?"

"माझं मत यात धरायचं नसतं."

"मी धरायला सांगितलं तर?"

त्याच्या मनात वाक्य तयार होते, पूर्ण आणि सुबक. पण त्या वाक्याच्या पलीकडे एका अनोळखी बाईचे दुखरे गुडघे होते, बासष्ट वर्षांनी सोडलेले शहर होते, आणि आपल्या सुखासाठी आपण त्यांना अरुंद जिने चढायला लावत नाही ना, ही शंका होती. "द्वारका चांगली आहे," तो अखेर म्हणाला. "लिफ्ट नवी आहे."

"अच्छा," ती म्हणाली. हा त्याचा शब्द होता. तिच्या तोंडी तो पहिल्यांदाच आला आणि थंड लागला. "लिफ्ट नवी आहे. खरंच की."

तिची गाडी आधी आली.

द्वारकेचे घर अकरा महिन्यांच्या कराराने घेतले गेले. इंदुमतीबाई आल्या, आणि आठवडाभरातच खालच्या बागेत त्यांना चालणाऱ्या चार जणी मिळाल्या; त्यांतल्या एका सरदारणीबाईंनी त्यांना गाजराचे लोणचे शिकवले. अहिल्येला भय होते तसे काहीच झाले नाही. पुण्याहून आलेल्या आईचे दिल्लीशी जमले होते. दिल्लीत आधीपासून असलेल्या लेकीचेच आता जमत नव्हते.

गुरुवार आणि शुक्रवार हे दोन वार फार वाईट जात. नोएडाची गाडी मयूर विहारवरूनच जाई. करोल बाग गेले की ती हातातला फोन पिशवीत ठेवी; यमुना आली की तिला उगाच उभे राहावेसे वाटे. मग मयूर विहार येई, दारे उघडत, आणि त्या उघड्या दारांतून नोव्हेंबरअखेरपर्यंत सप्तपर्णीचा वास आत येत राहिला... की तो वास तिच्याच मनात होता? लोक उतरत, लोक चढत. त्यांत एखादा हातात वही घेतलेला उंच माणूस असेल तर... नसे. दारे मिटत. तिने त्याला फोन केला नाही, कारण ज्याला आपण शेजारी नको आहोत त्याला काय विचारायचे? त्यानेही केला नाही. फक्त एकदा, डिसेंबरच्या एका सकाळी, त्याचा संदेश आला: "पाणी वेळेवर येतं ना?" तिने लिहिले, "येतं." आणि मग तो एक शब्द ती दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिली, जणू त्याखाली आणखी काही उमटणार होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी, ढगाळ सकाळी, इंदुमतीबाई बाल्कनीत ती वही घेऊन बसल्या होत्या. तीस वर्षे शाळेत गणिताचे पेपर तपासलेल्या बाईंना गुणांचा तक्ता नुसता वाचता येत नसे.

"अहिल्ये, हा पेपर तपासला कोणी?"

"का? बेरीज चुकली?"

"बेरीज बरोबर आहे. गुण चुकलेत." त्यांनी पान तिरके धरले. "इकडे ये, असं उजेडात बघ. द्वारकेच्या रकान्यात एक खाडाखोड नाही. मयूर विहारच्या रकान्यात मात्र प्रत्येक आकडा आधी मोठा होता. नवाचा आठ, आठाचा सात... विसाच्या वीस ओळींत खोडरबर फिरलाय, आणि प्रत्येक ओळीत नेमका एकच गुण कमी केलाय. एखादा परीक्षक ओळखीच्या मुलाचा पेपर तपासताना करतो ना, आपण पक्षपात करू म्हणून घाबरून, तसं. ते वीस गुण परत दिले तर मयूर विहार एकशे अठ्ठेचाळीस, म्हणजे पुढे." चष्म्यावरून त्यांनी लेकीकडे पाहिले. "कोण गं हा ओळखीचा मुलगा?"

अहिल्येने वही ओढून घेतली. अगदी शेवटची, विसावी ओळ होती "कवडसा". समोर बारीक अक्षरात नोंद होती: "नऊ चाळीस ते अकरा दहा. सहा दिवस पाहिला." त्याच्यापुढे दहाचा नऊ केलेला होता.

सहा दिवस! रिकाम्या घरात, एकट्याने बसून.

"आई, मी जरा जाऊन येते."

"छत्री घे," इंदुमतीबाई म्हणाल्या. तिने घेतली नाही.

मयूर विहारला ती उतरली तेव्हा हिवाळी पाऊस भुरभुरत होता, गार आणि बिनआवाजाचा. सोसायटीच्या फाटकाशी जयदीप मटारची पिशवी घेऊन भाजीवाल्याजवळ उभा होता. तिला पाहताच पिशवीचे तोंड त्याच्या हातून सुटले आणि दोन-चार शेंगा चिखलात पडल्या.

तिने वही उघडून त्याच्यापुढे धरली. "हे काय आहे?"

"तुम्ही भिजताय..."

"विषय बदलू नका! पाणी, नवाचे आठ. दवाखाना, आठाचे सात. आणि बाक? पाठ असलेल्या बाकाचा गुण कापलात? बाकानं तुमचं काय बिघडवलं होतं?"

"बाकानं काही नाही." त्याने पिशवी कठड्यावर ठेवली, मग पुन्हा उचलली. "तुम्ही इथे राहायला यावं असं मला वाटत होतं. इतकं, की माझा हात प्रत्येक ओळीत मयूर विहारकडे झुकत असणार याची मला खात्री होती. तेवढं वजा करणं भाग होतं. प्रश्न तुमच्या आईचा होता... माझा नव्हता."

"म्हणजे मी तुम्हाला नको होते म्हणून नाही?"

"नको?" तो इतका चकित झाला की भाजीवाल्यानेही मान वर केली.

तिचे डोळे भरून आले, आणि पावसात ते कोणाला कळले नाही. "आणि कापला तो एकेकच गुण? एवढीशीच हवी होते मी?"

"जास्त कापले असते," तो हळू म्हणाला, "तर मयूर विहारचं काही उरलंच नसतं."

समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्या ओळखीच्या खिडकीत कोणाचा तरी टॉवेल लटकत होता.

"ते घर गेलं," जयदीप म्हणाला. "डिसेंबरातच. लखनौचं कुटुंब आहे."

"जाऊ दे. ऑक्टोबरपर्यंत मी द्वारकेतच आहे. आईला तिथे मैत्रिणी मिळाल्यात. तिला आता हलवलं तर ती मला हलवेल." तिने ओल्या केसांवरून हात फिरवला आणि त्याच्या इमारतीकडे बोट दाखवले. "तुमच्या घरात येतो का कवडसा?"

"माहीत नाही. कधी पाहिला नाही."

"एवढी वर्षं राहून?"

"आपल्या घराची पाहणी आपण..."

"करायची नसते. ठाऊक आहे. म्हणून मी करणार. उद्या सकाळी, साडेनऊला. आईला घेऊन येते, गुण तीच देईल; तिचा कल अजून कुठेच नाही."

त्याने वर पाहिले. आकाश राखाडी होते, कडेपासून कडेपर्यंत. "उद्या ऊन पडेल असं वाटत नाही."

"मग परवा येईन."

"आणि परवाही नाही पडलं तर?"

अहिल्येने चिखलातल्या शेंगा एकेक करून वेचल्या, पुसल्या आणि त्याच्या पिशवीत टाकल्या.

"तर तेरवा," ती म्हणाली. "एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, जयदीप. तुझाच नियम आहे."