फिरवारा

वारा : २८८

शर्यत संपली होती. नऊ नंबरची गाडी पहिली आल्याचं कर्ण्यावरून पुन्हा पुन्हा सांगून झालं होतं. हार घेऊन फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाने कंटाळून तो खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. फक्त गाड्या थांबत नव्हत्या. एकवीसच्या एकवीस अजून फिरतच होत्या.

जतच्या माळावरच्या या धावपट्टीला सगळे कडं म्हणत. हातातल्या कड्यासारखी गोल, आणि वरून बंद. बाहेर डांबर पातळ करणारं ऊन, म्हणून अख्खी धावपट्टी एका जाड नळीत घातलेली. आतल्या अंगाला काचेच्या गॅलऱ्या, प्रत्येक गाडीची एक. गाड्या दिसायला साध्या, दारात उभ्या असतात तशा. वीज खालच्या पट्टीतूनच मिळायची, त्यामुळे मध्ये थांबायचं कारण नव्हतं. आणि प्रत्येक गॅलरीत एक पितळी चकती होती. ती जिथे लावावी, तो त्या गाडीचा जास्तीत जास्त वेग, आणि गाड्या त्याच वेगाने पळत.

वेगाला मर्यादा असावी की नसावी यावर शौकिनांची डोकी फुटत आली होती. शेवटी आयोजकांनी ते भांडणच त्यांच्या हातात दिलं. सगळ्या चकत्या एकदम फिरवणारी किल्ली मुद्दाम बनवलीच नाही. बनवली असती तर ती ज्याच्या हाती, त्याच्यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

अकरा नंबरच्या चकतीवर कुंदा खिलारेचा हात होता. अकरा नंबर तिचा धाकटा भाऊ रोहिदास चालवत होता.

"आक्का," कानातल्या यंत्रातून त्याचा आवाज आला, "हात सुन्न पडल्यात. मोकळं कधी करताय?"

"करतोय रे. बाईंशी बोलणं चाललंय."

वारा : २८९

बाई म्हणजे डॉ. इरावती साबडे. हवेचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी चहाचा ग्लास उचलला, चमच्याने जोरात ढवळला आणि चमचा बाहेर काढला.

"बघा. चमचा नाही, तरी चहा फिरतोय. कडं बंद आहे. गाड्यांनी आतली हवा सकाळपासून अशीच ढवळलीय. आम्ही त्याला फिरवारा म्हणतो. आता तो गाड्यांच्या जवळजवळ बरोबरीने पळतोय."

"मग घ्या की चमचा काढून," काचेच्या पलीकडून गजेंद्र बाबर म्हणाला. नऊ नंबरची गॅलरी त्याची. "वीज तोडा. विषय संपला."

"चमच्यात तुमची मुलगी बसलीय, बाबर."

गजेंद्रने कड्यात फिरणाऱ्या नऊ नंबरकडे पाहिलं.

गाडीच्या शेपटीवर एक पट्टी असते. समोरून येणारी हवा तिला खाली दाबते, म्हणून गाडी जमीन धरून राहते. पण गाडी वाऱ्यापेक्षा हळू झाली की वारा मागून येतो. मग तीच पट्टी गाडीला उचलते. समोरचा वाराच फारसा उरला नव्हता, म्हणून गाड्या आधीच हलक्या झाल्या होत्या. जोरात ब्रेक मारणं म्हणजे उडणं.

"नळीतली हवा सोडायच्या झडपा?" कुंदाने विचारलं.

"आधी दर तासाला उघडायच्या होत्या. गॅलऱ्यांनी मत देऊन बंद ठेवल्या, वेगाचा विक्रम हवा म्हणून. आता उघडल्या तर हा सगळा वारा आडवा सुटेल."

"मी विरोधात मत दिलं होतं," कुंदा म्हणाली.

"लागली सांगायला!" गजेंद्र म्हणाला. "कुंदाबाई, तुमच्या मर्यादेपायीच ही वेळ आली. सगळ्यांना एकाच वेगात बांधता, मग सगळ्या गाड्या एकीच्या आडोशाला एक. पुढची हवा फोडणार, मागची फुकट पळणार. एक घसरली की वीस गेल्या! मोकळं सोडलं असतं तर पांगल्या तरी असत्या."

"मोकळं सोडलं असतं तर पहिल्याच वळणाला उडाल्या असत्या, अण्णा."

"आडोशाला राहून जिंकण्यात काय मर्दुमकी?"

"तुमची केतकी कुणाच्या आडोशाने आली मग? शेवटच्या फेरीपर्यंत आमच्या रोह्याच्या मागे चिकटून होती की."

आजूबाजूचे हसले. गजेंद्रही हसला. ते भांडण वर्षानुवर्षांचं होतं, आणि दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

वारा : २९०

उपाय एकच होता. सगळ्या गाड्यांनी एकदम, थोडं थोडं हळू व्हायचं. ताशी तीनशे दहा किलोमीटरवरून तीनशे पाच. मग थांबायचं. वारा उतरला की पुन्हा थोडं. संध्याकाळपर्यंत गाड्या उभ्या.

"पण सगळ्यांनी तेवढंच," साबडे म्हणाल्या. "एक जरी बाकीच्यांहून हळू झाली, तर मागचीचं नाक तिच्या शेपटीला लागेल, ती आडवी होईल आणि वारा तिला मागून धरेल."

आणि इथेच अडचण होती. कुणी किती लावलं हे फलकावर दिसायचं, पण सगळ्या चकत्या फिरवून झाल्यावरच. कुणी कुणाचं बघून लावू नये म्हणून तसं केलेलं होतं.

कुंदा एकेका गॅलरीत जाऊन बोलून आली. सगळ्यांनी माना डोलावल्या. राहिला गजेंद्र. जन्मभर मर्यादा या शब्दाने ज्याचा कपाळशूळ उठायचा तो.

"तुमच्यावर सोडते, अण्णा. तीनशे पाच."

त्याने चकतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू शब्द देतेस?"

"देते."

"मग केतकीची शपथ. तीनशे पाच."

वारा : २९०

घंटा झाली. एकवीस हात चकत्यांवर.

कुंदाने तीनशे पाच लावलं. तिला वाटलं, समजा एखाद्याने सहा लावलं तर? समजा दोघांनी? मग सगळ्यात हळू रोहिदास. एकाने काय होणार आहे? पाचाच्या जागी सहा. सहासुद्धा कमीच की.

"आक्का, किती लावतेस?"

"ठरलंय तेवढंच."

बोटाने चकती एका खुणेपुरती सरकली. इतकी थोडी, की बोटालाही ते नाकारता आलं असतं.

फलक लागला. ३०६. ३०७. ३०६. ३०६. ३०७. नऊ नंबरसमोर : ३०५.

वारा : २८८

नऊ नंबर सगळ्यात पुढे होती. ती हळू झाली. मागचीचं नाक...

मागचीचं नाक तिला लागलं, एवढंच. धक्कासुद्धा नव्हता तो. गाडी आडवी झाली आणि मग वाऱ्याने तिला उचललं. आपटलं नाही, फेकलं नाही. तान्ह्या मुलाला उचलावं तसं उचललं, आणि छताला लावलं.

बाकीच्या वीस खालून निघून गेल्या.

"वारा उतरला!" साबडेंच्या हाताखालचं कुणीतरी आकडा बघून ओरडलं. "दोनने उतरला! उपाय बरोबर आहे!" मग त्याने वर पाहिलं.

वारा : २८८

गजेंद्र काचेपाशी आला. ओरडला नाही.

"तू किती लावलं होतंस?"

"फलकावर दिसतंय, अण्णा."

"फलकाचं ऱ्हाऊ दे. तू सांग."

"एक जास्त."

"एकच?"

"एकच."

त्याने मान हलवली. दुकानदाराने भाव सांगितल्यावर हलवतात तशी.

"तिनं विचारलं होतं, आबा, सगळे तेवढंच लावणार ना? मी म्हटलं, लावणार. कुंदाबाईनं शब्द दिलाय."

कर्ण्यावर साबडेंचा आवाज फुटला होता. "ऐका. हवेचा नियम बदललेला नाही. वीसही जणांनी एकसारखं लावलं तर वीसही वाचतील. या वेळी तीनशे तीन. अगदी तीनशे तीन. हात जोडते."

सगळ्या गॅलऱ्यांना ते पटत होतं. प्रत्येक जण बाकीच्यांकडे पाहत होता. शब्द पाळणारी गाडी छताला अजून चिकटलेली होती.

"आक्का," रोहिदास म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी अंधारात यायचा तसा झाला होता. "आक्का, ठरलंय तेवढं नको लावू हां."

घंटा झाली.

कुंदाने विचार केला, सगळे दोन वाढवणार. मग तीन हवेत. पण तीनचा विचारही सगळे करणार. तिचा हात चकतीवर होता आणि चकती फिरत होती. साबडे तिच्याकडे बघत होत्या.

फलक लागला. ३१२. ३११. ३१४. ३१२. अकरा नंबर, ३१३.

वारा : २९४

कर्ण्यातून आधीच भरून ठेवलेला आवाज आपोआप वाजला : कड्यातल्या वाऱ्याचा नवा उच्चांक! आणि सवयीने कुठल्यातरी गॅलरीत टाळ्या सुरू झाल्या. मग थांबल्या.

कुंदाने काचेपलीकडे पाहिलं. गजेंद्र खुर्चीवर बसला होता. त्यानेही घंटेला हात चकतीवर ठेवला होता. फलकाच्या तळाशी, ज्या नंबरला आता गाडीच नव्हती, त्या नऊसमोर आकडा होता : ३०३.