फॅमिलीलाच खोली

खट्.

एवढाच आवाज झाला. दाराची कडी लागल्याचा.

त्याआधी खोलीत इतकी शांतता होती, की मला माझ्या मुलीचा श्वास ऐकू येत होता.

मागच्या वर्षीचा ऑगस्ट. गुरुवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. ग्वाल्हेर, लश्कर, गोरखीच्या मागची एक गल्ली. खोलीत आम्ही तिघी होतो... मी, माझी धाकटी बहीण सीमंतिनी आणि माझी साडेचार वर्षांची शरयू.

तिघीही दारापासून लांब होतो.

आणि कडी आतून लागली होती.

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या खालच्या ओठावरचा व्रण अजून बोटाला लागतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी जसं झालं तसं लिहिते आहे. शरयू झोपली आहे, तोवर.

माझं माहेर गुन्याला. सीमूला इथल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, पण हॉस्टेलच्या यादीत नाव आलं नाही. बाबा फोनवर एकच म्हणाले, "सोमवारपर्यंत बरी खोली मिळाली तर ठीक. नाही तर परत ये. मुलं बघायला लागू."

सीमूनं फोन ठेवला आणि चपला घातल्या.

आमचं घर थाटीपुरात. सरकारी क्वार्टर, दीड खोली. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यांची खाट मधोमध. खाली मी, माझा नवरा राघव आणि मध्ये शरयू. "इथे जागा कुठे आहे?" असं मीच म्हणाले होते. राघव नाही, सासूबाईही नाहीत. मी.

चार दिवस आम्ही फिरलो. सिटी सेंटरच्या पीजीत एका खाटेचं जे भाडं सांगितलं, ते ऐकून सीमूनं पाणीसुद्धा न पिता पायऱ्या उतरल्या. मुरारला एका ठिकाणी मोटार ठेवायच्या शेडमध्ये चार खाटा होत्या, वर पत्रा. दुसरीकडे संडासाला कडीच नव्हती आणि समोर मुलांची खोली.

जिथे बरं होतं, तिथे एकच उत्तर. "अकेली लड़की? नहीं जी. सिर्फ फैमिली को देंगे."

एका आंटीनं तर विचारलं, "रात को फोन पे किससे बात करेगी?"

"मम्मी से," सीमू म्हणाली.

"सब यही कहती हैं."

रविवारी संध्याकाळी आम्ही त्या गल्लीत पोचलो. 'किराए से कमरा' अशी पाटी. वर पाहिलं तर गच्चीत एक म्हातारे गृहस्थ उभे, पांढऱ्या मिशा. आम्ही दोघी आपसात बोलत होतो ते त्यांनी ऐकलं.

"मराठी आहात काय? मग वर या न बेटा!"

इथे हिंदीच्या गर्दीत कुणी मराठी बोललं, की आपण अर्धी चौकशी तिथेच सोडून देतो. मीही सोडली.

जयसिंहराव त्यांचं नाव. खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. स्वच्छ. मोरी आतच. टेम्पो कोपऱ्यावर. भाडं आम्हाला झेपेल असं. भिंतीशी एक लोखंडी कपाट होतं, भिंतीपासून दीड वीत सुटलेलं. शेजारच्या गल्लीतली पिठाची चक्की दिवसभर घरघरत असते, तेवढाच काय तो त्रास.

"पण एक बात आहे," जयसिंहराव म्हणाले. "खोली मी फॅमिलीलाच देतो."

सीमूनं माझ्याकडे पाहिलं. उद्या सोमवार होता.

"फॅमिलीच आहे काका," मी म्हणाले. "मी, ही माझी बहीण, आणि माझी मुलगी. ह्यांची नोकरी बाहेरगावी."

राघव त्या वेळी थाटीपुरात कुकर लावत होता.

त्यांच्या पत्नी विजयाबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मुलगी केवढी?"

"साडेचार वर्षांची."

"ती इथेच राहील?"

"हो न काकू."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मेथीची जुडी तशीच उचलून आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

पोलीस ठाण्यात द्यायच्या भाडेकरूंच्या फॉर्मवर मी तिघींची नावं लिहिली. शरयूचा शाळेसाठी काढलेला फोटो पर्समध्ये होता, दोन शेंड्या, पुढच्या दातांत फट. तोही चिकटवला. माझ्या हातानं.

पहिला आठवडा छान गेला. सीमू रोज फोन करायची. खिचडी करपली, प्रॅक्टिकलचे सर खडूस आहेत, चक्कीच्या आवाजात झोप मस्त लागते...

आठव्या दिवशी म्हणाली, "ताई, काका रोज दुपारी दारावर येतात. विचारतात, पोरगी कुठाय."

"मग तू?"

"शाळेत गेली म्हणते. आज म्हणाले, खोटं बोलतेस."

"रागावले का?"

"दार नाही उघडलं मी. बाहेरूनच बोलतात..."

मग आवाज उतरवून म्हणाली,

"पण ताई, आवाज फार जवळून येतो."

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला आली. पोळी घेताना बाही वर सरकली. मनगटावर काळेनिळे डाग. टेम्पोत लागलं म्हणाली.

मी हात धरून पाहिला. चार बोटं आणि एक अंगठा.

"कोणी धरलं तुला?"

"कोणी नाही ग. खोलीत मी एकटीच तर होते." मग एकदम माझा हात घट्ट धरला तिनं. "खोली सोड म्हणू नकोस, ताई. बाबा दुसऱ्याच दिवशी न्यायला येतील. एक दुपार शरूला आण न. काकांना दिसली की मिटलं सगळं."

पुढचा दिवस गुरुवार. शरयूला शाळेतून घेतलं आणि तशीच लश्करला गेले.

शरयू फरशीवर बसून बिस्किटं खात होती. सीमू वेणी घालत होती. मी खाटेवर. पलीकडे चक्की घरघरत होती...

आणि बंद झाली.

वीज गेली असेल म्हणून मी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

पण त्याचाही आवाज येत नव्हता.

गल्लीतल्या पोरांचा नाही. नळाचा नाही. कशाचाच नाही. फक्त शरयूचा श्वास.

खट्.

मग कुणीतरी बोललं. दाराबाहेरून नाही. खोलीतून.

"आली?"

पुरुषाचा आवाज. खूश झालेला.

"आली पोरगी..."

सीमूचं तोंड एका बाजूला फिरलं. गालावर पाच बोटं लाल उमटली. चापटीचा आवाज त्यानंतर आला. आधी मार, मग आवाज.

ती ओरडायला गेली, तेवढ्यात तिची अर्धवट वेणी हवेत सरळ उभी राहिली. कुणीतरी मुठीत धरावी तशी. आणि ती मागे ओढली गेली. टाचा फरशीवर घासत, हातांनी हवेत काहीतरी धरायला बघत. ओट्याच्या कडेवर तिचं डोकं आपटलं.

एकदा.

परत उचललं. पुन्हा.

मी धावले. तिच्यापर्यंत पोचलेच नाही. माझ्या तोंडावर काय आलं ते मला दिसलं नाही. दात ओठात घुसला, तोंड रक्तानं भरलं. मी पडले. उठले. पोटात लाथ बसली.

मग पट्ट्याचा आवाज. सट्... सट्... हवेत काही नव्हतं, पण सीमूच्या पाठीवर कुर्ता फाटत होता. एकेक वार दिसत होता. ती गुडघ्यांत डोकं घालून गोळा झाली होती आणि मार थांबत नव्हता. तिचं मनगट कुणीतरी पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मी किंचाळत होते. माझा घसा फाटत होता, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

शरयू...

फरशीवर बिस्किटाचा पुडा होता. शरयू नव्हती.

ती मला कपाटामागे दिसली. भिंत आणि कपाट यांच्या दीड विताच्या फटीत. उकिडवी बसलेली, गुडघे हनुवटीला, दोन्ही तळहात कानांवर, डोळे गच्च मिटलेले. रडत नव्हती.

माझी शरयू कपबशी फुटली तरी माझ्याकडे धावत येते. असं बसायला तिला कुणी शिकवलं नाही. आमच्या घरात कधी कुणावर हात उगारलेला तिनं पाहिलेला नाही.

आणि ती एका कडेला सरकून बसली होती. बाजूला अजून कुणी बसलं असावं, तशी.

मी रांगत तिच्याकडे गेले. फटीसमोर आडवी झाले. पाठीवर दोन वार घेतले.

मग... चक्की घरघरायला लागली.

गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. कडी निघालेली होती. सीमूच्या डोक्यातलं रक्त मोरीकडे वाहत होतं.

दार ढकललं गेलं. विजयाबाई. एका हातात हळदीची वाटी, दुसऱ्या हातात पांढऱ्या सुती लुगड्याची घडी.

त्या हे सगळं घेऊनच आल्या होत्या.

काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. सीमूच्या डोक्यावर कापड दाबलं आणि म्हणाल्या, "लहानीला लागलं नाही न?"

"नाही..."

"नाही लागत. ती जागा दाखवते."

"कोण?"

"इथे आधी राहायची, ती पोर. बाप मारायला लागला की त्याच फटीत शिरायची."

"काका कुठे आहेत? बोलवा त्यांना! रोज दुपारी येऊन पोरगी कुठाय विचारतात, आणि आज..."

"ते कसे विचारतील?" विजयाबाई म्हणाल्या. "तुम्ही सामान आणलं, त्याच संध्याकाळी ते पुण्याला गेले, मुलाकडे. अजून आलेले नाहीत."

"मग तुम्ही आधी का नाही बोललात आम्हाला?"

"विचारलं होतं न मी. मुलगी इथेच राहील का म्हणून." त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तू हो म्हणालीस."

हॉस्पिटलमध्ये नऊ टाके पडले. मनगटाला प्लास्टर. डॉक्टर बाईंनी सीमूची पाठ पाहिली, मग माझा ओठ पाहिला.

"किसने मारा?"

"जीने से गिर गए."

"दोनों?"

"दोनों."

त्यांनी तेच लिहिलं. सीमू स्ट्रेचरवरून माझी ओढणी ओढत म्हणाली, "ताई, बाबांना पण हेच सांग. प्लीज. घेऊन जातील ते मला."

त्या रात्री तिला थाटीपुरला आणलं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग राघवला म्हणाल्या, "माझी खाट भिंतीला लाव. ही इथे झोपेल."

पाच मिनिटांचं काम होतं. खाट सरकली. सतरंजी मावली.

जागा होती. मीच सरकायला तयार नव्हते.

सीमू शिकते आहे. दुसरं वर्ष चालू आहे. केसांखालचा व्रण दिसत नाही. दुपारी तीनच्या सुमारास मात्र ती घरात थांबत नाही, लायब्ररीत बसते. त्या खोलीबद्दल आम्ही दोघी बोलत नाही.

शरयूला मी एकदाच विचारलं होतं, तू तिथे फटीत का ग बसलीस?

"दीदीनं हात ओढला. म्हणाली, इथे त्याचा हात पोचत नाही."

त्यापुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही. लहान आहे, विसरेल, असं वाटलं.

आत्ता तीन वाजायला आले आहेत. सासूबाईंना डोळा लागला आहे. कूलर चालू आहे, पण...

त्याचा आवाज येत नाही.

शरयू उठून बसली आहे. माझ्याकडे बघत नाही. दाराकडे बघते आहे.

"आई, दीदी आली."

मी वही मांडीवरच ठेवून एका हातानं तिला जवळ ओढलं. तिचे हात गार पडले आहेत. ती माझ्या कानाशी येऊन हळूच बोलते, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये तशी.

"तिला खूप लागलंय ग. आणि तो तिच्या मागे येतोय. ती विचारते, तुमच्याकडे जागा आहे का?"

ती माझी बाही ओढते.

"आई, सांग न. तिला हो म्हणू?"