फेरी मोजणारी पेटी

अमळनेरच्या बाजारपेठेत असलमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. पण बंद पडलेला रेडिओ असलमनं मागून उघडून नुसता हुंगला तरी आत काय जळालंय ते तो सांगतो, असं लोक म्हणत, आणि असलमही ते खोडून काढत नसे. कुणी भुताखेतांच्या गप्पा काढल्या की तो मीटरच्या दोन्ही वायरी हातात धरून म्हणे, "काटा हलला तर मानतो. नाही तर चहा सांग."

असा माणूस चुडामणच्या नादी लागला तो निव्वळ दोस्तीपायी. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. चुडामणचं एसटी स्टँडमागे मोटारसायकलचं गॅरेज होतं आणि डोक्यात शर्यतीचं वारं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात नाशिकला मातीच्या ट्रॅकवर शर्यत व्हायची होती, आणि पुण्याचा एक संघ तिथून एक स्वार उचलणार होता. चुडामणची तिशी जवळ आली होती. यंदा नाही तर मग जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे प्लग साफ करत बसायचं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"हातना घड्याळवर माले भरोसा नही," तो दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला. "असलमभो, अशी पेटी बनाड, मी रेघ वलांडी का तिनी आपेआप टाइम सांगाले जोयजे."

असलमनं हसण्यावारी नेलं आणि त्याच रात्रीपासून डोकं चालवायला सुरुवात केली.

पेटी साधीच झाली. एका खांबावर नळीत बसवलेला दिवा, समोरच्या खांबावर काळ्या नळीच्या तळाशी प्रकाशाचा डोळा. मधून काही गेलं की उजेड तुटायचा, पेटीत 'टक्' वाजायचं, लाल आकडे थांबून पुन्हा शून्यापासून पळू लागायचे. पुढचं चाक आणि मागचं चाक वेगवेगळं मोजलं जाऊ नये म्हणून असलमनं आणखी एक युक्ती केली. एकदा उजेड तुटला की दोन सेकंद डोळा आपला मिटून राहायचा. उन्हानं फसू नये म्हणून नळी चांगली हातभर लांब ठेवली. वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीची.

जागा चुडामणनं शोधली, म्हणजे शोधली कसली, ती त्याच्या गावाचीच होती. पारोळ्याच्या रस्त्याला त्याचं हिंगवाडं, आणि गावाबाहेर मरीआईचं मैदान. पूर्वी तिथं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला बारागाड्या ओढत. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, वर पोराटोरांसकट माणसं लादलेली, आणि बैलांच्या जागी एकटा भगत. मैदानाच्या एका टोकापासून मरीआईच्या ओट्यापर्यंत सरळ वाट. चुडामणचा बाप, रुपचंद, शेवटचा भगत. एका वर्षी अर्ध्या वाटेत त्याचा पाय मुरगळला, तो पडला आणि मागच्या गाड्या थांबल्या नाहीत. चुडामण तेव्हा आईच्या कडेवर होता. त्यानंतर गावानं गाड्या कधी जुंपल्या नाहीत. मैदान तसंच सपाट, उघडं पडून राहिलं.

चुडामणनं चुन्याच्या फक्कीनं त्यावर एक मोठा लांबट गोल आखला. ओट्यासमोरच रेघ मारली, रेघेच्या दोन्ही बाजूंना असलमनं खांब रोवले.

पहिल्या दिवशी नारळ फुटला. तिथवर ठीक होतं, नवी गाडी म्हटल्यावर कोण नारळ फोडत नाही? पण चुडामणनं चपला काढल्या, कपाळाला आणि पेट्रोलच्या टाकीला हळद लावली आणि मोटारसायकलभोवती पाच फेऱ्या घातल्या. भगत गाड्यांभोवती घालतो तशा, अनवाणी, एक हात गाडीवर ठेवून. त्यांच्या घरात कुठल्याही मोठ्या कामाआधीची ती रीत होती.

"पेट्रोल टाक आधी," असलम म्हणाला. "हळदवर नही चालनार."

चुडामण हसला, आणि किक मारली.

पहिले दोन-तीन दिवस पेटीनं चोख काम केलं. मग एका दुपारी, चुडामण अजून पलीकडच्या वळणावर धुरळ्यात असताना, 'टक्' वाजलं. आकडे शून्यावर आले आणि पळू लागले. जराशानं गाडी रेघेवरून गेली तेव्हा पुन्हा 'टक्'. असलमनं कपाळाला हात लावला. वायर सैल असणार. त्यानं सगळी जोडणी उघडून नव्यानं डाग दिले, नळी पुसली, खांब हलवून पाहिले. पाखरू असेल म्हणावं तर वैशाखाच्या त्या उन्हात पाखरूसुद्धा बाहेर पडत नव्हतं.

मग तो गाडी बंद करायला लावून तासभर पेटीजवळ नुसता बसून राहिला. एकदाही वाजलं नाही. चुडामण गाडीवर बसला, फेरी सुरू झाली, आणि फेरी संपायच्या आधी 'टक्'. प्रत्येक फेरीला. दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली ती त्याला मुळीच आवडली नाही. त्या जादा आवाजातलं आणि गाडीतलं अंतर रोज थोडं कमी होत होतं.

काटा हलला होता. आता मानायचं की नाही, एवढंच उरलं होतं.

त्या दिवशी असलम रेघेशी उकिडवा बसला आणि डोळ्याच्या नळीसमोर आपला तळहात धरला. तळहातावर दिव्याचा पिवळट ठिपका पडला, रुपयाएवढा. गाडी लांब होती. वारा पडलेला. ठिपका एकदम विझला, परत आला, परत विझला, परत आला. चालत्या माणसाचे दोन पाय मधून जावेत तसा. असलमच्या आणि दिव्याच्या मध्ये काहीही नव्हतं. फक्त वंगणाचा वास आला, एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या बैलगाडीच्या आसाला घालतात तो. मग गाडी गेली.

असलमनं हात मागे घेतला आणि तो पायजम्याला पुसला. त्याला भीती वाटली. लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा वाटली होती तशी.

चुडामण थांबला तेव्हा असलमनं विचारलं, "तुन्हा पुढे कोनी दिखस का?"

चुडामणनं हेल्मेट काढलं. घामानं केस चिकटलेले. "तुले बी दिखनं?"

"माले काहीच दिखनं नही. पेटीले दिखनं."

"पाय दिखतस," चुडामण हळूच म्हणाला. "वाकीसन पळस तो. तोंड दिखत नही. आखो जरासा जवळ गयू का दिखी."

असलमला पुढं विचारायची गरज नव्हती. रुपचंद भगताचा एकही फोटो घरात नव्हता. बापाचं तोंड कसं होतं, हे चुडामणला आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलं होतं. नाशिकची शर्यत आता त्याच्या बोलण्यातूनही गेली होती.

मैदानाच्या कडेलाच चुडामणचं घर. असलम माठातलं पाणी प्यायला गेला, तेव्हा चुडामणची आई झुंबरबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"त्यानी गाडीना भवते फेऱ्या घाल्यात का?"

"घाल्यात आक्का. पाच."

"भंडारा लायेल व्हता?"

"व्हता."

झुंबरबाईनं सूप बाजूला ठेवलं. "फेऱ्या घाल्यात का मंग वढनंच पडस, बेटा. मांगे फिरता येत नही. पन बारागाड्यास्नी वाट सरळ ऱ्हास, मरीआईना वट्टापाशी सरी जास. तुमनी वाट तं गोल शे." तिनं मैदानाकडे हात केला. "ती कोठे सरी?"

असलमनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"त्याना बापनी बी सरनी नही," ती म्हणाली. "त्याले बापले गाठू देऊ नको. मन्हं ऐकत नही तो. तुन्हं ऐकस."

असलमनं डोकं लढवलं, आणि तिथंच तो चुकला. बाबापुता करून चुडामण ऐकणार नाही, पण आपण शर्यतीच्या लायकीचे नाही असं त्याला वाटलं तर तो आपण होऊन गाडी ठेवून देईल, असा त्यानं हिशेब केला. दुसऱ्या दिवशी दोन-तीन फेऱ्या झाल्यावर त्यानं पेटीवर फडकं टाकलं आणि मान हलवली.

"नही जमत, चुडाभो. दिवसेंदिवस मांगे पडी राह्यना तू. सोडी दे."

चुडामणनं त्याच्याकडे पाहिलं. रागावला नाही. "त्याना मांगे?" म्हणत त्यानं हेल्मेट तिथंच जमिनीवर ठेवलं आणि किक मारली.

असलम ओरडला. गाडीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

पहिल्या फेरीला दोन आवाज अगदी जवळ आले, मध्ये एक श्वास घेता येईल इतके.

त्यानं फडकं ओढून काढलं. बॅटरीची वायर उपटली. आकडे विझले नाहीत.

दुसऱ्या फेरीला एकच 'टक्' वाजलं.

गाडी रेघेवरून गेली. चुडामणचं तोंड उन्हात क्षणभर दिसलं. त्यावर आनंद होता, लहान पोराच्या तोंडावर असतो तसा.

मग गाडी मंदावली.

इंजिन किंचाळत होतं, मागचं चाक माती उकरत होतं, धूर निघत होता, आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगानं सरकत होती. चुडामण हँडलवर पुढे वाकला होता. खांदे ताणलेले. गळ्याच्या शिरा फुगलेल्या. त्या गोलाची तेवढी एक फेरी पुरी व्हायला किती वेळ लागला ते असलमला सांगता आलं नसतं.

गाडी रेघेवर आली. 'टक्.' थोडी पुढे जाऊन बंद पडली.

चुडामण उतरला. गाडी तशीच आडवी पडली. त्यानं मागे पाहिलं नाही. वाकलेलाच होता तो.

असलम त्याच्याकडे धावणार तेवढ्यात पेटी पुन्हा वाजली. रेघेवर कुणी नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. मोजायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण हाताची सवय ती, बोटं आपोआप मिटत गेली. बाराव्यानंतर पेटी गप्प झाली.

"दिखनं तोंड?" त्यानं जवळ जाऊन विचारलं. दुसरं काय विचारावं ते त्याला सुचेना.

"दिखनं," चुडामण म्हणाला. "थकी जायेल व्हता."

आणि तो चालू लागला, चुन्याच्या आखणीवरून, गोल.

नाशिकला तो गेला नाही. गॅरेजला कुलूप लागलं. झुंबरबाई हाताला धरून घरी आणी, जेवू घाली, की तो पुन्हा निघे. पुढे पुढे तो मैदान सोडून लांबही जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, पाठीच्या कण्याचं काहीतरी आहे, पण फोटोत काही दिसलं नाही. असलमनं पेटी मोडून तिचे सुटे भाग वेगवेगळ्या रेडिओंत घातले. घडलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, घरीही नाही. दोस्त हातचा गेला आणि आपल्या एका खोट्यानं गेला, हे सांगायचं तरी कुणाला?

श्रावणात असलमचं लग्न झालं. जमीला भडगावची. चुडामण कोण, हिंगवाडं कुठं, तिला काही माहीत नव्हतं. दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन दुकानात येई.

एका दुपारी असलमनं दुकानातून चुडामणला पाहिलं. बाजारपेठेच्या मधोमध तो पुढे वाकून, एकेक पाऊल रोवत चालला होता. लोकांनी वाट दिली. सायकलवाले पाय टेकून थांबले. तो कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला, रस्ता मोकळा पडला, तरी लोक थांबलेलेच होते. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. पलीकडच्या कडेला डबा घेऊन जमीला उभी होती. बऱ्याच वेळानं सगळे एकदम हलले आणि ती रस्ता ओलांडून आली.

"कायको खडी थी उधर?" असलमनं विचारलं. "रस्ता तो खाली था."

"खाली किधर?" जमीलानं डबा टेबलावर ठेवला आणि बुरख्यावरची धूळ झटकली. "एक के पीछे एक बैलगाड्यां जा रही थी, बीच में से कैसे आती मैं?"

मग डब्याचं झाकण काढता काढता तिचा हात थांबला.

"बैल तो एक को भी नहीं था," ती म्हणाली.