लेझमीची शेपटी

आधी कोडं सांगतो, मग बाकीचं.

चाळीसभर पोरं एका लांब रांगेत उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात लेझीम. रांगेच्या एका टोकाला हलगी वाजतेय. ठोका पडला की खाली बसायचं, पुढच्या ठोक्याला उठायचं. महिनाभराचा सराव झालाय, कुणी चुकत नाही. तरी व्हिडिओत बघावं तर हलगीजवळचं पोरगं बसून उठायला लागलंय आणि पार शेवटची पोरगी आत्ता कुठं खाली चाललीय. एकदा नाही, दर वेळी. का?

लगेच उत्तर देऊ नका. आमच्या शाळेतल्या पोरांनी लगेच दिलं होतं, आणि त्यापायी एका पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी कोरेवाडीच्या शाळेच्या बसवर असतो. चालवत नाही बरं का. हल्लीच्या बस आपल्या आपण चालतात, बोलतातही. आमच्या बसचं नाव पोरांनी पवळ्या ठेवलंय. पण गाडीत एक मोठं माणूस पाहिजे असा नियम आहे, म्हणून मी. पोरांवर ओरडायचं काम मशीनला अजून जमत नाही. पवळ्या 'कृपया खाली बसा' म्हणतो. कृपया म्हणल्यावर कुठलं पोरगं खाली बसतं? माझी शाळा चौथीतच सुटली, पण पवळ्याच्या शेजारी बसून बसून चार गोष्टी कानावर पडल्यात. त्यातलीच ही एक.

तर त्या वर्षी आठवीला प्रकल्प होता. आपल्या भागातली एक कला घ्यायची, तिची माहिती काढायची आणि तिच्यावर गाण्याचा व्हिडिओ करायचा. पोरांनी लेझीम घेतली. बाबर सर म्हणाले, प्रकल्प तुमचा, भांडणंही तुमचीच, मी फक्त शिट्टी घेऊन उभा राहतो.

दिग्दर्शक झाली केतकी. झाली म्हणजे कुणी केली नाही, तीच झाली. केतकी शिंदेचा आवाज असा की पवळ्यासुद्धा हॉर्न वाजवायच्या आधी तिच्याकडं बघतो. हलगीला दौलत अवघडे. त्याच्या घरात तीन पिढ्या हलगी आहे, पोरगं झोपेतही ताल चुकायचं नाही.

माहिती काढायला पोरं गावातल्या जुन्या वस्तादांकडं गेली. वस्तादांनी लेझीम कुठल्या लाकडाची, साखळी कशी ओवायची, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "हलगी मधी आणि पोरं भवती. हे सोडू नका." का, असं केतकीनं विचारलं. वस्ताद म्हणाले की आमच्या वस्तादांनी असंच सांगितलं, मी कधी विचारलं नाही. गोल रिंगण केतकीला काही पटलं नाही. सगळे गोलच करतात म्हणाली, आपण वेगळं करू.

वेगळं म्हणजे काय, तर पाझर तलावाचा बांध. मागं डोंगर, पुढं पाणी, आणि बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरांची एकच रांग. सगळ्यांची तोंडं पाण्याकडं. पाण्यावरून ड्रोन उडणार आणि अख्खी रांग टिपणार. दौलत बांधाच्या अलीकडच्या टोकाला, त्याच्या कॉलरला माईक. दिसायला झकास होतं, मी खोटं बोलणार नाही.

पलीकडच्या टोकाला, सगळ्यात शेवटी, शेवंता लोखंडे.

शेवंताचं नाव तिच्या पणजीचं. पोरगी बोलायला कमी. तिची आई चंद्रावर वायरमन आहे. तिथं तळ बांधलाय ना, त्याच्या वायरी, दिवे, पंखे सगळं ती बघते. दोन वर्षांचं काम, त्यातलं एक सरलं होतं. दर रविवारी शेवंता तिच्याशी बोलायची. गावात रेंजची बोंब, म्हणून शाळेजवळ उभ्या पवळ्याच्या पडद्यावर बोलायची, मी बाहेर टायर बघत बसायचो. त्या बोलण्याला एक वेगळीच लय होती. शेवंता एक वाक्य बोलायची आणि गप्प थांबायची. मग तिकडून उत्तर यायचं. आईला तिनं सांगून ठेवलं होतं की व्हिडिओ झाला की पाठवते, आणि आईनं तळावरच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की जेवणघरातल्या मोठ्या पडद्यावर माझी पोरगी दिसणार आहे.

पहिल्या दिवशीचं शूटिंग पवळ्याच्या पडद्यावर लावलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. वर सांगितलेलं कोडं ते हेच. पहिलं पोरगं उठतंय, शेवंता बसतेय. रांग सरळ दिसायच्या ऐवजी तिला शेपटी फुटलेली.

केतकीनं पहिला आणि शेवटचा असे दोघांचे तुकडे शेजारी शेजारी लावले. मग तर उघडच झालं. कुणीतरी म्हणालं, हिच्यामुळं शेजारचे चुकतात, त्यांच्यामुळं त्यांच्या शेजारचे. आणि पृथ्वीराज यादव, जो लेझमीत सगळ्यात तरबेज आणि जिभेनंही तेवढाच, तो म्हणाला, "हिला चंद्राची सवय लागलीय. सगळं थांबून थांबून करते."

पोरं हसली. शेवंताही हसली थोडी, सगळे हसताना हसावं लागतं तशी.

दुसऱ्या दिवशी केतकीनं तिला सांगितलं की तू आज ड्रोनच्या बॅटऱ्या सांभाळ, तुझ्या जागी पृथ्वीराज. वाईट हेतूनं नव्हतं सांगितलं. व्हिडिओ द्यायला दोनच दिवस उरले होते. बाबर सर तिकडून माझ्याकडं बघत होते, मी सरांकडं. पण प्रकल्प पोरांचा.

शेवंता बॅटऱ्यांची पेटी घेऊन पवळ्यात येऊन बसली. बस पलीकडच्या टोकालाच उभी होती. मी खिशातल्या शेंगा तिच्या ओंजळीत टाकल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तिनं एक पण फोडली नाही.

"मामा, मी चुकत नव्हते," ती म्हणाली. "हलगी ऐकू आली की मी बसायचे. लगेच."

खा म्हणलं, शेंगा खारवलेल्या आहेत.

बांधावर दौलतनं ठोका धरला. पोरं बसली, उठली, बसली, उठली. पृथ्वीराज असा जोर लावून खेळत होता की वाटावं बांध हलेल. मग सगळे पळत पडद्याकडं आले. केतकीनं पुन्हा दोन तुकडे शेजारी लावले.

पृथ्वीराज उशिरा बसत होता. अगदी शेवंताएवढाच उशिरा.

पृथ्वीराजचे कान लाल झाले. ड्रोन बिघडलाय म्हणाला. पवळ्यानं ड्रोन तपासला आणि सांगितलं की ड्रोन ठीक आहे. मग माईक बिघडला असेल. माईकही ठीक होता. दौलत चिडला, म्हणजे काय हलगी बिघडलीय का?

तेवढ्यात मागच्या सीटवरून शेवंता हळूच म्हणाली, "पवळ्या, आवाजाला पण यायला वेळ लागतो का रे?"

सगळ्यांनी माना वळवल्या. ती अडखळत सांगायला लागली. बांधावर उभं असताना तोंड पाण्याकडं असायचं, त्यामुळं दौलत दिसायचाच नाही. आज पहिल्यांदाच तिनं बसच्या खिडकीतून त्याला लांबून वाजवताना बघितलं. त्याच्या हातातलं टिपरू हलगीवर पडलेलं दिसायचं आणि आवाज नंतर यायचा. आईशी बोलताना होतं तसंच. आईचं उत्तर उशिरा येतं, पण आई काही उशिरा बोलत नाही. ती लांब आहे, एवढंच.

मशीन विचार करायला थांबत नाही म्हणतात, पण मला तरी पवळ्या खूश होऊन थांबल्यासारखा वाटला. म्हणाला, "शेवंता, हे मी सांगण्यापेक्षा तुम्ही करूनच बघा."

मग त्यानं सांगितलं तसा प्रयोग (खरं काय ते करून बघण्याची रीत) केला. सगळे पुन्हा बांधावर आपापल्या जागी गेले, शेवंता शेवटी. सगळ्यांनी डोळे गच्च मिटले, म्हणजे कुणी कुणाचं बघून करायला नको. दौलतनं एकच ठोका द्यायचा. ज्याला ऐकू येईल त्यानं त्या क्षणी हात वर करायचा. बस.

ठोका पडला. आणि ड्रोननं जे टिपलं ते बघून मी शेंगा खायचा थांबलो. हात एकदम वर आलेच नाहीत. दौलतजवळचा पहिला आला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. ज्वारीच्या रानावरून वारा जातो आणि कणसं एका बाजूनं वाकत जातात ना, तसे हात उठत गेले. शेवंतापर्यंत पोचायला अर्धा सेकंद.

पवळ्यानं मग समजावलं. हलगीचं कातडं थरथरलं की जवळच्या हवेला धक्का बसतो. ती हवा पुढच्या हवेला ढकलते, ती आणखी पुढच्या. खिचडीच्या रांगेत मागचा कुणी ढकलतो आणि धक्का पार पुढच्यापर्यंत जातो, पण जागा कुणीच सोडत नाही, तसंच. या पळत्या धक्क्याला म्हणतात ध्वनिलहर (हवेतून जाणारी आवाजाची लाट). ती एका सेकंदात साधारण तीनशे चाळीस मीटर पळते. आपल्याला भरपूर वाटतं, पण रांग होती जवळजवळ पावणेदोनशे मीटर लांब. झाला अर्धा सेकंद. एवढ्यात लेझमीचा एक ठोका निघून जातो.

पृथ्वीराजनं विचारलं, मग टिपरू पडलेलं लगेच कसं दिसतं? तर दिसतं ते प्रकाशामुळं, आणि प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. बांधाएवढं अंतर त्याच्या हिशेबात कुठंच नाही. माईक दौलतच्या गळ्याशी, म्हणून व्हिडिओतला आवाज दौलतच्या वेळेचा. चित्र प्रकाशानं आणलेलं. आणि शेवंताच्या कानाला तो ठोका मिळायचा अर्ध्या सेकंदानं. शेजारच्या दोघांत फरक इतका बारीक की कुणाच्या ध्यानात आला नाही. तो साठत साठत गेला आणि शेपटीला दिसला.

"म्हणजे सगळेच उशिरा होतो," केतकी म्हणाली. "आणि शेवंता सगळ्यात लांब होती म्हणून..." पुढचं तिनं गिळलं.

दौलत मात्र भलत्याच विचारात होता. एकदम म्हणाला, "हलगी मधी, पोरं भवती."

बघा, माझ्या अंगावर अजून काटा येतो. रिंगणात हलगी मधे असली की प्रत्येक पोरगं हलगीपासून सारख्याच अंतरावर. आवाज सगळ्यांना एकाच वेळी पोचणार. त्या जुन्या लोकांना सेकंद माहीत नव्हते, मीटरही नव्हते. पण कधीतरी कुणीतरी रांग करून बघितली असणार, आणि त्यांच्याही लेझमीला शेपटी फुटली असणार.

पवळ्या म्हणाला की रांगच ठेवायची असेल तर सगळ्यांच्या कानात छोटे फोन घाला, मी रेडिओनं ठोका देतो. रेडिओलहर प्रकाशाच्याच वेगानं जाते, कुणीच मागं राहणार नाही. सगळे केतकीकडं बघायला लागले. ती बराच वेळ ड्रोननं टिपलेले हात पुन्हा पुन्हा लावून बघत होती.

मग ती मागच्या सीटपाशी गेली. पेटीतल्या बॅटऱ्या उगीच सरळ करत म्हणाली, "शेवंता, तू शेवटीच उभी राहा. पण चूक म्हणून नाही. कानात काही घालायचं नाही. ती शेपटीच दाखवायची."

शेवंतानं विचारलं, "आणि पृथ्वीराज?"

"मी तुझ्या अलीकडं," पृथ्वीराज म्हणाला. "तुझ्या आधी बसतो, एवढं तरी राहू दे."

या वेळी शेवंता खरी हसली. मग शेंगाही खाल्ल्या, माझ्या वाट्याच्या पण.

व्हिडिओ असा झाला. आधी तलावाकाठी रिंगण, मधे दौलत, आणि सगळी लेझीम एकाच ठोक्याला वाजतेय. मग रिंगण सुटतं, बांधावर लांब रांग होते, आणि ठोक्यासरशी रांगेतून एक लाट निघते. पोरं बसतात, उठतात, लाट पुढं पुढं जाते आणि शेवटच्या पोरीपाशी पोचते. ती बसते, उठते आणि लेझीम डोक्यावर उंच धरते. खाली अक्षरं येतात: आवाज इथवर पोचला.

रविवारी सगळा वर्ग पवळ्यात कोंबून बसला होता. पडद्यावर शेवंताची आई, तिच्यामागं तळावरची माणसं, हातात ताटं. त्यांनी नुकताच व्हिडिओ बघितला होता.

"आई, कसा वाटला?" शेवंतानं विचारलं, आणि ती थांबली.

या वेळी सगळेच थांबले. चाळीस पोरं आणि एक शब्द नाही. प्रश्न जायला सव्वा सेकंद, उत्तर यायला सव्वा सेकंद, हे आता सगळ्यांना माहीत होतं. पृथ्वीराज तर श्वास धरून बसला होता.

मग आईचा चेहरा हलला. "लाट निघाली तेव्हापासून मी शेवटाकडंच बघत होते," ती म्हणाली. "म्हणलं, माझी पोरगी तिथंच असणार. आली की गं तुझ्यापर्यंत. आणि आता माझ्यापर्यंत पण."

तिकडं आई शेवंताच्या उत्तराची वाट बघत होती, इकडं आम्ही. कुणालाच घाई नव्हती.

परत घरी सोडताना ती पुढं माझ्या शेजारी येऊन बसली. पवळ्याला म्हणाली, आणि आई मंगळावर गेली तर? पवळ्या म्हणाला, तिथं बोलणं पोचायला कधी तीन मिनिटं लागतील, कधी वीस. जसा मंगळ जवळ-लांब जाईल तसं.

शेवंता खिडकीबाहेर बघत बसली. बोटं मांडीवर हलगीचा ठोका धरत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मग तिथं आणि इथं मिळून एक लेझीम बसवायची तर आधी ठोका कुणी द्यायचा, ते ठरवायला पाहिजे."

मी म्हणलं, ठरव तू. आम्ही थांबतो.