अस्वलाचा आवाज

चार वाजता हैदराबादची कंपनी येणार होती आणि तिला दाखवायचा सिनेमाच सकाळी अकराला गायब झाला होता.

अमरावतीत बडनेरा रोडवरच्या कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्यात प्रियदर्शनीनं ॲनिमेशनचा स्टुडिओ उभारला होता. मेळघाटातल्या वऱ्हाडी बोलणाऱ्या अस्वलाचा बारा मिनिटांचा सिनेमा. आवडला तर कंपनी आपली शाखा इथं काढणार, नाहीतर पुण्यात.

दोन वाजता अकोल्याहून खासगी गुप्तहेर नईमा काझी पोचली. सोबत तिचे सहकारी, निवृत्त हवालदार धर्मपाल तायडे.

प्रियदर्शनी रेकॉर्डिंगच्या खोलीत, काचेआड डोकं धरून बसली होती. धर्मपालनी खास पोलिसी आवाजात तीन हाका मारल्या. ती हलली नाही. काचेपुढं हात नाचवला, तेव्हा दचकून उठली आणि तिनं दार उघडलं.

"हार्ड डिस्क गेली. कॉम्प्युटरवरची प्रतही पुसली. दोन वर्षं, मॅडम!"

धर्मपाल आत येऊन भिंतीला टेकले. आवाज अडवायला भिंतींवर कापसाच्या गाद्या ठोकल्या होत्या. पाठीत काहीतरी टणक रुतलं, तसे ते बाजूला सरकले.

पहारेकरी चंद्रभान म्हणाला, "अकराले गेटपाशी संत्र्याचा ट्रक ऑटोले घासला. लय कल्ला झाला. पण मी गेट सोडलं नाही. तवापासून कोणी बाहेर गेलं नाही."

संकलक उजैर रडवेला झाला होता. "मी कल्ला पाहाले पायऱ्यांवर गेलो, मॅडम. एडिटिंगची खोली उघडीच राहिली. गेटाकडची खिडकीबी उघडी. गलती माझीच हाय."

अस्वलाला आवाज देणारा देवमन शांत होता. "मी इथंच रेकॉर्डिंग करून राहिलो होतो, दार लावून. तो ट्रकवाला 'अंधा है क्या' म्हणून वरडे, ते आइकलं. पण काम सोडून कोण जाते?"

"उजैरच," धर्मपाल कुजबुजले. "खोली त्याच्या ताब्यात होती."

"तायडेकाका, गेटपाशी जा अन् गाडीचा हॉर्न दाबून धरा."

धर्मपालनी हॉर्न इतका वाजवला की रस्त्यावरचे लोक शिव्या द्यायला लागले. घामेघूम होऊन ते परतले. सगळ्यांना रेकॉर्डिंगच्या खोलीत घेऊन नईमानं दार लावलं होतं. ते आता उघडलं.

"काका, हॉर्न कवा वाजवता?" उजैरनं विचारलं.

नईमा देवमनकडे वळली. "दार लागल्यावर इथं हॉर्नही पोचत नाही. मग ट्रकवाल्याचे शब्द तुम्ही कुठं ऐकले? उजैरच्या उघड्या खिडकीपाशी! गेटातून कोणी गेलं नाही, म्हणजे डिस्क आतच आहे. काका, मघाशी तुम्ही भिंतीपासून का सरकलात?"

धर्मपालचे डोळे विस्फारले. त्यांनी गादीची शिवण उसवली, कापसात हात घातला आणि डिस्क बाहेर काढली. तीस वर्षांच्या नोकरीत छाती इतकी फुगली नव्हती.

देवमन खाली बसला. "कंपनी आली का मोठ्या शहराचे आवाज येतीन, ताई. मंग मले कोण ठेवते?"

प्रियदर्शनीनं डिस्क हातात घेतली. "आधी मले इचारलं असतं तं," एवढंच म्हणाली.

चारला पडदा उजळला. अस्वल बोललं आणि पाहुणे खदखदून हसले. शेवटी कंपनीच्या प्रमुखांनी डोळे पुसत विचारलं, "आवाज कोणाचा?"

दाराशी मान खाली घालून उभ्या असलेल्या देवमनला प्रियदर्शनीनं हात धरून पुढं ओढलं. "याचा. अन् याचाच राहीन."

"राहायलाच हवा. शाखा इथंच काढू. ऐंशी माणसं लागतील, मिळतील?"

"अमरावतीत उभं राहून हे काहून इचारता, साहेब?" प्रियदर्शनी हसली. "कवापासून पाठवू, तेवढं सांगा!"