उजळणी धरणारा कान

या, असे जवळ सरकून बसा. उशिरा आलेल्यांनाही जागा द्या. देवाच्या कृपेनं सुखरूप परतलेल्या दोन जिवांची गोष्ट सांगतो.

चंद्रावरून निघालेल्या ‘गरिमा’ यानात दोनच माणसं होती, वैमानिक भामिनी तोरणे आणि संगणकतज्ज्ञ अनंतराव बिडवे. वाटेत सौरवादळाचा तडाखा बसला. पृथ्वी समोर दिसत होती, पण यान काही केल्या वळेना.

“काका, संगणकाचा प्रक्रियक मेला का हो?” भामिनीनं विचारलं.

“मेला नाही गं, अडकलाय. कीर्तनाला बसलीस कधी?”

“आत्ता कीर्तन?”

“आत्ताच! प्रक्रियक म्हणजे बुवा. आकडेमोड करायची, निर्णय घ्यायचे, हे त्याचं काम. पण बसल्या जागी मावेल तेवढंच त्याच्याजवळ. बाकी सगळं स्मृतिकेत. आणि स्मृतिका बघ, गळकी! तिच्यातला विजेचा थेंब निमिषात झिरपतो. म्हणून उजळणीकार प्रत्येक आकडा वाचून पुन्हा तोच लिहितो, सारखा. बुवा कथा सांगतात तेव्हा मागचे टाळकरी ध्रुपद धरून ठेवतात ना, तसं. आपला उजळणीकार वादळात जळाला. आता बुवा एकटेच ध्रुपद घोळवतायत. थांबले तर उतरायची वाट विसरतील, न थांबले तर कथा पुढं जात नाही.”

“कायमच्या साठवणीत असेल की वाट!”

“तीही जळाली.”

भामिनीनं समोरच्या पृथ्वीकडं पाहिलं. चुकीच्या कोनातून वातावरणात शिरलं की यानाची राख. “मग दुसरा टाळकरी शोधा ना!”

अनंतरावांनी कानामागची श्रवणिका काढली. तिच्याशिवाय त्यांना काहीच ऐकू येत नसे. त्या एवढ्याशा यंत्रात वेगळा प्रक्रियक, वेगळी स्मृतिका आणि धडधाकट उजळणीकार होता.

“वाट मोठी नाही. मावेल इथं,” म्हणत त्यांनी तार जोडली.

वाट श्रवणिकेत गेली. मोकळा झालेला प्रक्रियक हवा तो आकडा तिच्याकडून मागून घेऊ लागला. यानानं हळूच नाक वळवलं.

“काका, बुवा बोलायला लागले!” भामिनी ओरडली. तिचे ओठ वाचून ते हसले.

यान समुद्रात अलगद टेकलं. भामिनीनं श्रवणिका पुसून त्यांच्या कानामागं लावली. “उतरलो, काका! ऐकताय ना?”

“नुसती खरखर येतेय गं,” तिच्या ओठांकडं बघत ते म्हणाले.

“बिघडली?”

“छे, उत्तम आहे. पण एका जागी दोन गोष्टी राहत नाहीत. नवं लिहिलं की जुनं गेलं. तिथं माझं ऐकणं होतं. कुठला आवाज बायकोचा, कुठला मृदंगाचा, इतकी वर्षं शिकली होती ती. दुसरीकडं कुठं उतरवून ठेवलं नव्हतं.”

“आणि हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. “आपण आहोत ना? शिकेल पुन्हा. देवानं फार दिलंय.”

शब्दाचा कंप बोटांना कळावा म्हणून भामिनीनं त्यांचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि एकच शब्द म्हणत राहिली, “काका... काका...” मदतीची नाव येईपर्यंत ती थांबली नाही. नाव जवळ आली तेव्हा त्या खरखरीतून कसलासा आकार वर आला आणि अनंतरावांनी हात जोडले.

“ओ,” ते म्हणाले.

मंडळी, आज घरी पोचाल तेव्हा दारातून कुणीतरी नाव घेऊन हाक मारेल. ओ देण्याआधी एवढं करा, अनंतराव बिडव्यांना आठवा.